शंभर पोझिशनची वही

आमच्या इंजिनाला शंभरातल्या एक्केचाळीस पोझिशन्स सुटल्या आणि मी माझ्या मित्राला ब्याऐंशी सांगितल्या. बरोब्बर दुप्पट. मित्र तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता आणि तो फार दिवस काढणार नाही हे त्याला, त्याच्या बायकोला, मला, सगळ्यांना माहीत होतं. त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे खरा आकडा. तेवढा मला देता आला नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून काही चांगल्याची अपेक्षा धरायला नको.

इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. आमच्या सोसायटीत अजूनही दोघेतिघे असे आहेत, ज्यांना वाटतं मी घरात बसून रेल्वेचं काहीतरी बनवायचो. मी त्यांची समजूत काढत नाही. निदान रेल्वेचं इंजिन चाललं की नाही ते रुळावर दिसतं.

मी न्हावा शेव्याला एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचो. मित्र तिथल्याच एका कंटेनर यार्डात सर्व्हेअर होता. यार्डात कंटेनरला बॉक्स म्हणतात. आलेला-गेलेला प्रत्येक बॉक्स बाहेरून-आतून बघायचा, कुठे पोचा, कुठे भोक, सील शाबूत आहे की नाही, ते फॉर्मवर लिहायचं आणि खाली सही करायची, हे त्याचं काम. त्याची सही दिसली की ड्रायव्हरपासून साहेबापर्यंत कुणी परत विचारत नसे. तो मूळचा सारसोळ्याचा, गावातला. मी नेरूळच्याच एका सेक्टरात फ्लॅट घेऊन बाहेरून आलेला. "माज्या आज्याच्या शेतावर झोपतंस, झोप लागते ना बराबर?" असं त्याने मला ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, आणि पुढे वीसेक वर्षं विचारत राहिला.

आमची गाठ कामाच्या बसमध्ये पडली. नेरूळहून उरणच्या रस्त्याने जाणारी बस, जवळजवळ तासाचा प्रवास, आणि त्याच्या मांडीवर लोहचुंबकाच्या सोंगट्यांचा छोटा पट. मला शाळेत बुद्धिबळाचं बक्षीस मिळालं होतं. त्या भरवशावर मी समोर बसलो. पहिला डाव बेलापूर यायच्या आत संपला, दुसरा उलव्याला. त्यानंतरची सात वर्षं मी त्या बसमध्ये हरलो. आणि मी हरतो ते हरतो, वर चिडतो. शेवटी जिंकायचा एकच मार्ग उरला. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी त्याच्यासमोर बसवणं. मी प्रोग्रॅमिंगची पुस्तकं आणली आणि सुट्टीच्या दिवशी इंजिन लिहायला घेतलं.

"फुकटात मिळणारी इंजिनं जगज्जेत्यांना हरवतात म्हणे. मग तुमचं कशाला?" असं बायकोने विचारलं. मी म्हणालो, बाजारात मोदक मिळतात म्हणून घरात कुणी उकड काढायचं थांबत नाही. "या घरात उकड कोण काढतं?" असं तिने विचारलं आणि विषय संपला.

मित्राला सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "बनव. पन ते किती खेलतं ते कोन सांगनार?"

खरा प्रश्न हाच होता. एका डावावरून काही कळत नाही. त्याच्याशीच खेळवावं, तर तो रविवारी बोंबील चापून सुस्तावलेला असला की दोन चुका जास्त करायचा. दुसऱ्या इंजिनांशी हजारो डाव खेळवणं हा राजमार्ग, पण माझ्या तेव्हाच्या कॉम्प्युटरला तो झेपणारा नव्हता. मग राहिल्या ठरावीक पोझिशन्स. पटावर सोंगट्या अशा मांडायच्या की त्या जागी एकच चाल बरोबर असेल. इंजिनाला एक मिनिट द्यायचं. चाल सापडली तर एक गुण, नाही तर शून्य. अशा शंभर.

ऐकायला सोपं आहे. निवडायला बसलं की डोकं धरायची वेळ येते. आमच्या अगदी सुरुवातीच्या एका पोझिशनमध्ये प्यादं खाल्लं की सहा चालींत मात होत होती. इंजिनाने प्यादं खाल्लं. आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर मी आत डोकावून पाहिलं तर त्याला मात दिसलीच नव्हती. प्यादं फुकट दिसलं म्हणून खाल्लं होतं. चाल बरोबर, कारण चूक. अशी पोझिशन काय कामाची? म्हणून पहिला नियम झाला, जिथे हावरटालाही बरोबर चाल सापडेल ती घ्यायची नाही. दुसरा नियम, पहिल्या चालीइतकीच चांगली दुसरी चाल असेल तर ती बाद. मित्राने तिसरा घातला. सगळ्या मारामारीच्या नकोत. डावाच्या शेवटी चार सोंगट्या उरतात आणि राजा गुपचूप एक घर मागे घेण्यातच सगळं शहाणपण असतं, तशाही हव्यात. अशा त्याच्याकडे पुष्कळ होत्या, कारण खाडीकडच्या शेडमध्ये त्याने गावातल्या दोन पिढ्यांना तसंच हरवलेलं होतं.

चौथा नियमही त्याचाच, आणि तो यार्डातून आलेला. "जो बॉक्स उगडनार हे पार्टीला आदीच म्हाईत हाय, तो उगडून काय भेटनार? सगला चोख माल," तो म्हणाला. "कार्ट्याला पोझिशन आदी दिसली नाय पायजे." इंजिनाला तो कार्टं म्हणायचा.

आम्ही एक लाँगबुक आणलं. मी वाशीच्या शिक्केवाल्याकडून रिकाम्या पटाचा रबरी शिक्का करून घेतला, चौसष्ट घरांचा. आयुष्यभर दुसऱ्यांचे शिक्के मारले होते, हा एक माझा स्वतःचा. प्रत्येक पानावर एक पट, त्यात पेन्सिलीने सोंगट्या, खाली बरोबर चाल. इंजिनाची परीक्षा झाली की शेवटच्या पानांवर तारीख, आकडा, माझी सही, आणि शेजारी त्याची सही. सहीखाली तो 'सर्व्हेअर' असं लिहायचा. पहिला आकडा एकतीस होता. त्याने सही करून मला विचारलं, "पोरगा नापास, पेढे कवा?"

पुढे जे बिघडलं ते एका दिवसात बिघडलं नाही, आणि बिघडत होतं तेव्हा आम्हाला ते सुधारणा वाटत होतं. व्हायचं असं की इंजिनाला एखादी पोझिशन सुटली नाही, की आम्ही दोघं ती पोझिशन घेऊन बसायचो. खरंच एकच चाल बरोबर आहे का? तासभर खोदलं की बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच. इथे घोडा नेला तरी चालतंय, तिथे हत्तीनेही जमतंय. मग ती पोझिशन सदोष ठरायची, तिच्यावर लाल काट मारायची आणि तिच्या जागी दुसरी आणायची. न सुटलेली प्रत्येक पोझिशन आम्ही अशी उलटीपालटी करून पाहिली. सुटलेली एकही कधी पाहिली नाही. जी सुटली ती चांगलीच असणार, तिला कशाला हात लावा? माझी बायको चहा ठेवताना एकदा आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." आम्ही दोघंही हसलो. पुढच्या रविवारी आम्ही आणखी तीन अंगणं वाकडी ठरवली.

आणि माझा स्वतःचा गुन्हा वेगळाच. इंजिनाच्या आत शेकडो आकडे असतात. घोड्याची किंमत किती, पुढे गेलेल्या प्याद्याची किती, उघड्यावर पडलेल्या राजाची भीती किती. मी एखादा आकडा बदलायचो, वही चालवायचो, गुण वाढले तर ठेवायचो, नाही तर परत फिरवायचो. वर्षानुवर्षं. म्हणजे ज्या वहीने परीक्षा घ्यायची, तीच वही मी त्या कार्ट्याला घोटून पाजत होतो. चौथा नियम मी रोज मोडत होतो, आणि तो मोडतोय हे मला कळत नव्हतं असं म्हणायची माझी इच्छा आहे, पण ते खरं नाही. अर्धवट कळत होतं. अर्धवट कळलेल्या गोष्टीबरोबर माणूस आयुष्य काढू शकतो.

आकडा पन्नास झाला, साठ झाला, पंच्याहत्तर झाला. शेवटी ब्याऐंशीवर थांबला. त्या दिवशी त्याच्या घरी सुरमई आणली होती.

पण रविवारी शेडमध्ये, मासळीच्या उपड्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून, तो खऱ्या लाकडी पटावर त्याच इंजिनाशी खेळायचा आणि पूर्वीसारखाच हरवायचा. ब्याऐंशीवालं इंजिन त्याच चुका करायचं ज्या पन्नासवालं करायचं. "वहीत पैलवान, पटावर लंगडा," तो म्हणायचा. एकदा हसता हसता थांबून म्हणाला, "नवीन वही कराया पायजे रं. ही कार्ट्याला पाठ झालीय." मी हो म्हणालो. मग माझी बदली झाली, मग मुलीचं लग्न, मग गुडघा. दोन वर्षं मी ती नवी वही पुढे ढकलली. कारणं सगळी खरी होती, फक्त त्यातलं एकही खरं कारण नव्हतं.

मग तो रिटायर झाला आणि वर्षाच्या आत त्याच्या पोटात गाठ निघाली. उपचार झाले, जे व्हायचं ते झालं. शेवटी तो सारसोळ्याच्या घरात, माडीवरच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या पलंगावर आला. खिडकीतून दोन घरांच्या फटीतून खाडीचा एवढासा तुकडा दिसायचा. भरती आहे की ओहोटी एवढं त्याला त्यावरून कळायचं, आणि त्याला तेवढं पुरत होतं.

एके दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा तो माझी वाटच बघत होता. म्हणाला, "एक काम कर. नवीन शंभर काड. तू एकटा काड, मना दाखवू नको. कार्ट्याला तर नायच नाय. वही लिवून झाली का पिशवीत घाल आन पिशवीला सील मार, मंजे मागाहून कंची काडता येनार नाय. मंग एकदाच चालव. जो आकडा येल तो मना येऊन सांग."

मी म्हणालो, "आत्ता कशाला? बरा झालास की करू."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. "मी बरा होनार नाय हे तुना पन म्हाईत हाय," तो म्हणाला. "चवदा वर्सांचे रईवार दिले रं त्याला. भाव हसले, पोरं हसली. आपुन कायतरी केलंय का नुस्ती वही रंगवलीय, एवडंच मना बगायचंय. चालीस आले तरी चालतील. चालीस मंजे आपुन अगदीच खोटं नाय."

मग त्याने बायकोला कपाटातून एक डबा काढायला सांगितला. त्यात यार्डातली दोन-तीन पिवळी प्लॅस्टिकची सीलं होती, नंबर छापलेली. एक माझ्या हातात दिलं आणि त्याचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवला. सीलाचा विषय निघाला म्हणून हसत एक जुनी गोष्ट परत सांगितली, जी मी दहा वेळा ऐकली होती. लबाड लोक सील कधीच तोडत नाहीत. दाराच्या हँडलचा रिवेट काढतात, दार उघडतात, माल बदलतात, नवा रिवेट ठोकतात आणि वरून रंग मारतात. सील शाबूत, नंबर बरोबर, कागद बरोबर. "नवीन मानूस सील बगतो," तो म्हणाला. "मी रंग बगतो. सगला बॉक्स गंजलाय आन एकच रिवेट नवा कसा?"

मी कामाला लागलो. आणि हे मला सांगायलाच हवं की त्या वहीसारखं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. पाच आठवडे लागले. वर्तमानपत्रांतली जुनी कात्रणं, अनोळखी लोकांचे डाव, कुठल्या कुठल्या तालुक्याच्या स्पर्धेतले. प्रत्येक पोझिशन फुकट मिळणाऱ्या बलाढ्य इंजिनाकडून तपासून घेतली. एकच चाल बरोबर, दुसरी तिच्यापासून कोसभर लांब. हावरटाला सापडेल अशी एकही नाही. आणि बाद करायच्या त्या सगळ्या आधीच बाद केल्या, आमच्या इंजिनाला काही दाखवायच्या आधी. जुन्या वहीत चौदा वर्षांत जो प्रामाणिकपणा जमला नव्हता तो या पाच आठवड्यांत जमला. शंभर पानं झाली. शिक्क्याची शाई एकसारखी उठली होती. पोझिशन्स कॉम्प्युटरमध्ये टाइप करून घेतल्या, वही कापडी पिशवीत घातली, तोंड आवळलं, सील मारलं. मग बाल्कनीत लॅपटॉप लावला आणि इंजिन चालू केलं.

शंभर मिनिटं लागली. एक्केचाळीस.

मी परत चालवलं. एकदाच चालवायचं ठरलं होतं तरीही. परत एक्केचाळीस. इंजिन निदान स्वतःशी प्रामाणिक होतं.

त्याने चाळीस म्हटलं होतं. एक जास्तच होता. पण मला त्याचं ते बोलणं आजारी माणसाचं भिडस्त बोलणं वाटलं. पाहुणा 'जेवण नको, चहा चालेल' म्हणतो, तसलं. मला वाटलं, हा तोंडाने चाळीस म्हणतोय आणि मनात ब्याऐंशीची वाट बघतोय. मरताना याच्या हातात अर्धा आकडा कसा ठेवायचा? हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि दया म्हणून सांगितलं. आज मला माहीत आहे की दया वगैरे काही नव्हती. एक्केचाळीस त्याचे नव्हते, माझे होते. घोड्याची किंमत मी ठरवली होती. वही मी पाजली होती. वही कार्ट्याला पाठ झालीय ही जी गोष्ट त्याने शेडमध्ये हसता हसता सांगितली होती ती बरोबर निघाली होती, आणि मी परत हरलो होतो. मी हरतो ते हरतो, वर काय करतो ते मी सांगितलंच आहे.

मी दुसरं लाँगबुक आणलं. न सुटलेल्या एकोणसाठांपैकी एक्केचाळीस काढल्या आणि त्यांच्या जागी जुन्या वहीतल्या, इंजिनाला तोंडपाठ असलेल्या घातल्या. सरळ घातल्या असत्या तर ओळखू आल्या असत्या. म्हणून पांढऱ्याचं काळं केलं, काळ्याचं पांढरं, आणि सगळा पट उलट्या बाजूने धरून उतरवला. पोझिशन तीच, पण ओळख पुसलेली. आकडा झाला ब्याऐंशी, आधीच्या वहीइतकाच, म्हणजे शंकेला जागा नको. उरलेल्या अठरा न सुटलेल्या मी खऱ्या ठेवल्या, कारण तो न सुटलेल्याच बघायला मागणार. नेहमी आम्ही त्याच बघत आलो होतो.

सील मी तोडलं नाही. पिशवीची खालची शिवण उसवली, वही बदलली आणि परत शिवली. बायकोने विचारलं, काय करताय सुई घेऊन? मी म्हणालो, पिशवी फाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी सारसोळ्याला गेलो. तो उशा लावून बसला होता, दाढी केलेली. त्याच्या बायकोने सांगितलं की आज मुद्दाम करवून घेतली. मी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

"किती?" त्याने विचारलं.

"ब्याऐंशी."

त्याने सील डोळ्यांजवळ नेलं, कॅलेंडरकडे पाहिलं, नंबर जुळवला. मग पिशवी हातात घेऊन सावकाश फिरवली, जशी त्याने आयुष्यभर दारं तपासली असतील. त्याचा अंगठा खालच्या शिवणीवरून गेला आणि तिथे थांबला. पिशवी जुनी, मळकी. दोरा पांढरा होता. हे माझ्या लक्षात तेव्हा आलं.

त्याने बायकोकडून कात्री मागून घेतली आणि एका झटक्यात सील कापलं. वही काढली. मी अठरांची यादी खिशातून बाहेर काढत म्हणालो, "न सुटलेल्या बघतोस ना?"

"नाय," तो म्हणाला. "सुटलेली दाखव. आपुन सुटलेली कदी बगितलीच नाय. सतरावी लाव."

सतरावी सुटलेल्यांपैकीच होती. सुटलेल्यांत निम्म्या खऱ्या होत्या, निम्म्या बदललेल्या, म्हणजे छापा-काट्याइतकीच आशा. मी पान उघडलं आणि मला दिसलं की काटा पडलाय. पलंगावर लाकडी पट ठेवून मी सोंगट्या मांडल्या. एक-एक हत्ती, तीन-तीन प्यादी, दोन राजे. त्याने बराच वेळ पाहिलं. मग पटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि पट अर्धा फिरवला.

ही त्याचीच पोझिशन होती. त्याने शेडमध्ये स्वतःच्या काकाला हरवलं होतं त्या डावातली, जुन्या वहीतली, त्याच्या हाताने पेन्सिलीने लिहिलेली. समोरचं प्यादं न खाता राजा एक घर मागे. रंग बदलले होते, बाकी काही नाही. त्याने राजा उचलला आणि एक घर मागे ठेवला.

"सुटली," तो म्हणाला.

खाली कुणीतरी जाळ्याला शिसं लावत बसलं होतं, त्याची टकटक ऐकू येत होती. त्याने विचारलं, "खरा आकडा किती?" आवाज चढवला नाही, रागाने नाही. मला संधी देत होता. यार्डातही तो ड्रायव्हरला आधी विचारायचा, मग लिहायचा.

आणि मी म्हणालो, "ब्याऐंशी."

का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. तोंड उघडलं आणि तेच आलं. त्याने मान हलवली. "बरं," म्हणाला.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. तारीख लिहिली, आकडा लिहिला, माझी सही केली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने पेन घेतलं नाही. हात पांघरुणाखाली घेतला. "हात नाय चालत आता," तो म्हणाला. "तुजी हाय ना, बास झाली." आत्ताच त्या हाताने कात्रीच्या एका झटक्यात सील कापलं होतं. मग त्याने बायकोला हाक मारली, "चा टाक गो याला," आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "पानी उतराया लागलं."

तो आणखी सतरा दिवस होता. मी त्यातले चार दिवस गेलो, आणि चारही वेळा खरी वही माझ्या बॅगेत होती. दरवेळी ठरवून जायचो. दरवेळी तो खाडीचं बोलायचा, नातवाच्या शाळेचं, पूर्वी जेट्टीवर चिखलात निवट्यांची मासळी किती मिळायची त्याचं. माझ्याशी तो अगदी चांगला वागला. आज्याच्या शेतावर झोपण्याबद्दलही एकदा विचारलं. कार्ट्याचं नाव मात्र त्याने परत काढलं नाही, आणि मलाही काढता आलं नाही. चौथ्या वेळी त्याने बॅगेकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. वहिनी पेज घेऊन आल्या, मी उठलो.

खोटी वही मी जाळली. खरी माझ्या टेबलाच्या खणात आहे. इंजिनाला मी त्यानंतर हात लावलेला नाही. लावला तर या शंभराही त्याला पाठ होतील, आणि परत नव्या शंभर काढायच्या कुणासाठी? शेवटच्या पानावर एक्केचाळीस लिहिलेलं आहे, माझी सही आहे, आणि शेजारी रिकाम्या जागेखाली 'सर्व्हेअर' असं मीच लिहून ठेवलंय. एक्केचाळीसवर त्याने सही केली असती.